नवरा जर्मन, मुलं लहान: पुण्यात राहावं की स्टुटगार्टला जावं?

माझा नवरा जर्मन, मी पुण्याची. लग्नानंतरची पहिली चार वर्षं आम्ही कोथरूडला काढली, आता पाच वर्षं स्टुटगार्टजवळ राहतो. मुलगी पुण्यात जन्मली, मुलगा इथे. त्यामुळे "तुम्ही दोन्हीकडे राहिलात, आम्ही काय करावं?" असं विचारणारा फोन महिन्या-दोन महिन्यांनी येतोच. विचारणारे बहुतेक जण पगारापासून सुरुवात करतात. मी त्यांना आधी एवढंच विचारते, की दोघांपैकी परकं कोण होणार आहे, आणि ते माणूस तिथे किती दिवसांत स्वतःच्या पायावर उभं राहील? कुठेही राहा, दोघांपैकी एकाचं ते माहेर असतं आणि दुसऱ्याचं सासर. मुलं लहान असताना सासरी आलेलं माणूस आतून खचलं, तर बाकी कुठलीच सोय कामाला येत नाही.

परक्या जोडीदाराचे कागद

इथे दोन देशांमधला फरक सगळ्यात मोठा आहे, म्हणून यावर सगळ्यात जास्त लिहिते.

पुण्यात राहायचं ठरवलंत तर जर्मन जोडीदार सुरुवातीला एंट्री व्हिसावर येतो. व्हिसा 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून 14 दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे, नोंदणी करावी लागते. ती आता ऑनलाइन होते. खरी अडचण अशी की या व्हिसावर नोकरी करता येत नाही. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी पासपोर्ट असलेल्याला भारतात कायम राहू देणारं कार्ड, मिळालं की नोकरी करता येते, पण त्यासाठी लग्नाची नोंदणी होऊन, संसार सलग चालू राहून, दोन वर्षं पूर्ण व्हावी लागतात. त्यानंतर अर्ज, त्यानंतर चौकशी. भारतात अर्ज केला तर फी 15,000 रुपये. माझा नवरा उत्तम इंजिनिअर. पण चाकणला निम्म्या कंपन्या त्याच्या ओळखीच्या असूनही पहिली दोन वर्षं तो घरी होता. मुलीला त्यानेच सांभाळलं, आणि तिच्या जर्मन बोलण्याचा पाया त्याच काळात पडला. तरीही "आज ऑफिस नाही का?" हा सोसायटीतला रोजचा प्रश्न त्याला किती लागत होता, हे मला फार उशिरा कळलं. तुमच्या जोडीदाराला एखादी कंपनी एम्प्लॉयमेंट व्हिसावर आणत असेल तर हा काळ टळतो. पण मग तो व्हिसा त्या नोकरीला बांधलेला असतो.

जर्मनीत याच्या उलट आहे. जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करायची मुभा असते. परवाना साधारणपणे तीन वर्षांचा मिळतो, आणि तीन वर्षांनंतर बी-1, म्हणजे मध्यम पातळीची जर्मन येत असेल तर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. व्हिसासाठी ए-1, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र लागतं. पुण्यातल्यांना ते अवघड नाही, कारण मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, जर्मन शिकवणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. शिकायला घ्याल तर ए-1 वर थांबू नका, हे मात्र हात जोडून सांगते.

कारण काम करायची परवानगी मिळणं आणि काम मिळणं यात फार अंतर आहे. मी फिजिओथेरपिस्ट. आयटीतल्या माणसाला इंग्रजीवर नोकरी मिळू शकते, पण डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट यांना आधी आपली पदवी मान्य करून घ्यावी लागते आणि पेशंटशी बोलण्याइतकी चांगली भाषा यावी लागते. माझी त्यात अडीच वर्षं गेली, मधे मुलाचा जन्म. नवरा दोन वर्षं पुण्यात थांबला, मी अडीच वर्षं इथे थांबले. फरक एवढाच की मी थांबले ते शिकत शिकत. नव्याने आलेल्यांसाठीच्या सरकारी इंटिग्रेशन कोर्समध्ये भाषेचे 600 तास असतात, आणि त्या वर्गात मला मैत्रिणी मिळाल्या. त्याच्यासाठी पुण्यात असं काहीच नव्हतं. पुण्यात परदेशी माणसाचं इंग्रजीवर भागतं, म्हणून त्याला कोणी मराठी शिकवत नाही, आणि मग तो वर्षानुवर्षं पाहुणाच राहतो.

आणखी एक गोष्ट, जी लग्नात रमलेल्या जोडप्यांना विचारायला नको वाटते. संसार मोडला तर? जर्मनीत तीन वर्षं एकत्र राहिलेल्या जोडीदाराला घटस्फोटानंतरही स्वतःच्या हक्काने राहायचा परवाना मिळू शकतो. भारतात लग्नाच्या आधारावर मिळालेलं ओसीआय कार्ड घटस्फोट झाल्यावर रद्द होऊ शकतं. शिवाय मुलांना एका देशातून दुसऱ्या देशात परस्पर नेण्याबाबतचा 1980 चा जो हेग करार आहे, त्यात जर्मनी आहे, भारत नाही. म्हणजे भांडण विकोपाला गेलं तर मुलं कुठे राहणार, हे ठरवणारी दोन्ही देशांना बांधणारी ती वाट इथे उपलब्ध नाही. आम्ही दोघांनी हे निघायच्या आधी बोलून, लिहून ठेवलं. त्या संध्याकाळी दोघांनाही जेवण गेलं नाही. तरी तुम्हीही हे बोलाच.

मुलांचे पासपोर्ट

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. जर्मनीने 27 जून 2024 पासून ते मोकळं केलं, पण आपल्याला त्याचा उपयोग नाही. मी उद्या जर्मन पासपोर्ट घेतला तर माझा भारतीय पासपोर्ट जातो. जर्मन जोडीदार असलेल्याला तीन वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो, मी अजून केलेला नाही. जुन्नरकडे वडिलांची थोडी शेती आहे. ओसीआयधारकाला वारशाने शेतजमीन मिळू शकते, पण विकत घेता येत नाही. सातबारा हा आमच्या घरात भावनेचा विषय आहे आणि मला त्याबद्दल संकोच वाटत नाही.

मूल पुण्यात जन्मलं, तरी जर्मन पालकामुळे त्याला जर्मन पासपोर्ट मिळतो. तो काढलात की भारताच्या लेखी ते परदेशी. आमच्या तान्ह्या मुलीला जन्मदेशातून बाहेर पडण्यासाठी एफआरआरओकडून कागद घ्यावा लागला. ते माहीत नसल्याने आमचं पहिलं तिकीट फुकट गेलं. दोन्ही मुलांकडे आता जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय आहे. पुढे भारतात परतून मुलांना मेडिकल किंवा आयआयटीला पाठवायचं मनात असेल तर लक्षात ठेवा: 4 मार्च 2021 नंतर ओसीआय झालेल्या मुलांना नीट-जेईईमधून फक्त एनआरआयच्या किंवा वाढीव (सुपरन्युमररी) जागांसाठीच प्रयत्न करता येतो.

पहिली तीन वर्षं: आजी की किटा?

बाळंतपण आणि पहिलं वर्ष पुण्यात सुखाचं. नोकरदार आईला कायद्याने 26 आठवडे पगारी रजा, हाताशी आजी, तेल लावून न्हाऊ घालायला बाई, पोळ्यांना मावशी. रात्री ताप आला तर ओळखीच्या डॉक्टरांना फोन. वडिलांना मात्र खासगी नोकरीत कायद्याने एक दिवसही रजा नाही. आणि कंपनीचा ग्रुप विमा नसेल तर आपण स्वतः काढलेल्या मेडिक्लेममध्ये बाळंतपणासाठी बहुधा काही वर्षं थांबावं लागतं.

जर्मनीत आजी नाही, पण बापाला वेळ आहे. आई-बाप प्रत्येकी तीन वर्षांपर्यंत रजा घेऊ शकतात आणि नोकरी सुरक्षित राहते. एल्टर्नगेल्ड, म्हणजे पालक भत्ता, म्हणून आधीच्या निव्वळ पगाराच्या साधारण 65 टक्के रक्कम मिळते, महिन्याला कमीत कमी 300 आणि जास्तीत जास्त 1,800 युरो, दोघांनी रजा वाटून घेतली तर मिळून 14 महिने. इथे एक मेख आहे: भारतात कमावलेला पगार या हिशेबात धरत नाहीत. मी इथे काही कमावण्याआधी मुलगा झाला, म्हणून मला 300 युरोच मिळाले. ज्यांना मूल हवं आहे आणि यायचंही आहे त्यांनी क्रम विचारपूर्वक ठरवावा. मुलं आणि न कमावणारा जोडीदार सरकारी आरोग्य विम्यात वेगळा हप्ता न भरता येतात. बाळंतपणानंतर हेबामे, म्हणजे सुईण, घरी येते, तेही विम्यातून. माझ्या हेबामेने बाळाइतकीच माझी चौकशी केली. आईशिवाय काढलेल्या त्या महिन्यात तिचा मला केवढा आधार वाटला, ते सांगता येणार नाही.

किटा, म्हणजे पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. मूल एक वर्षाचं झालं की तिथे जागा मिळणं हा 2013 पासून कायदेशीर हक्क आहे. प्रत्यक्षात जागा कमी आहेत. मूल पोटात असतानाच नाव नोंदवणारे लोक आहेत आणि ते चुकत नाहीत. बर्लिनमध्ये किटाला फी नाही, आमच्याकडे आहे, ती गावागणिक बदलते. मूल रुळवण्याची इथली पद्धत मला मनापासून आवडली. पहिले काही आठवडे आई किंवा बाप सोबत बसतो, मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास. पुण्यात आमच्या मुलीला पहिल्याच दिवशी रडत असताना आत ओढून नेलं होतं आणि "दोन दिवसांत सवय होईल" असं सांगितलं होतं. झाली सवय, पण मला तो आवाज अजून ऐकू येतो.

शाळा आणि भाषा

जर्मनीत सहाव्या वर्षी शाळा सक्तीची, घरी शिकवायला परवानगी नाही, आणि शाळा चालू असताना मुलांना घेऊन भारतात गेलात तर दंड होऊ शकतो. आमच्या राज्यात उन्हाळ्याची सुट्टी जुलैअखेर ते सप्टेंबरचा पहिला-दुसरा आठवडा. गणपती कधीकधी त्यात सापडतात, दिवाळी नाही. सरकारी शाळेला फी नाही. पण बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांची वाट ठरते: कोण गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, कोण दुसऱ्या शाळेत. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीनंतर. म्हणून माझं स्पष्ट मत: यायचं असेल तर मूल सहाचं व्हायच्या आत या. आठव्या-नवव्या वर्षी आणलेल्या मुलाला भाषा शिकता शिकताच ही चाळणी पार करावी लागते, आणि ते मला अन्यायाचं वाटतं.

पुण्यात उलटी काळजी. चांगल्या खासगी शाळेची फी वर्षाला लाखांत जाते, पण वयाने तेवढी घाई नसते. आणि 2020 च्या कायद्यामुळे कुठल्याही बोर्डाच्या शाळेत मराठी शिकवावी लागते, हे आमच्यासारख्या घरांना वरदान आहे.

घरातली भाषा मात्र शाळा राखत नाही. आम्ही दोघं एकमेकांशी इंग्रजी बोलतो, मुलांशी मी मराठी, तो जर्मन. पुण्यात मुलगी मराठीत भांडायची. इथे किटात गेल्यावर सहा महिन्यांत माझ्या मराठी प्रश्नाला जर्मन उत्तर येऊ लागलं. मी मराठी सोडली नाही. इथले संध्याकाळचे पाच म्हणजे उन्हाळ्यात पुण्याचे साडेआठ, त्या वेळी रोज आजीशी बोलणं. रविवारी चार मराठी घरं मिळून मुलांना वाचायला शिकवतो. मुलगी आता तिसरीत आहे, मराठी अडखळत वाचते. मुलगा नुसतं समजून घेतो. दुसऱ्या मुलाची भाषा पातळ होते, हे मी इथल्या बऱ्याच घरांत पाहिलं आहे. जो जोडीदार परका, त्याच्याच भाषेला रोज वेळ द्यावा लागतो, कुठल्याही देशात.

निघण्याआधीचे कागद

भारतीय जन्मदाखला आणि विवाहदाखला यांच्यावरचा अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का, जर्मनीत मान्य होत नाही. दूतावासामार्फत पडताळणी होते आणि त्यात महिने जातात. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे का, ते आजच बघा. माझ्या दाखल्यावर वडिलांचं नाव एका अक्षराने वेगळं होतं, तेवढ्यावर चार महिने गेले. भविष्य निर्वाह निधी आणि पेन्शनची काळजी त्या मानाने कमी: दोन्ही देशांमधला सामाजिक सुरक्षा करार 1 मे 2017 पासून लागू आहे, पेन्शनच्या पात्रतेसाठी दोन्हीकडची वर्षं एकत्र मोजता येतात.

आई-वडील

इथे तराजू पूर्ण पुण्याकडे झुकतो. माझे आई-वडील इथे आले तर शेंगेन व्हिसावर, कुठल्याही 180 दिवसांत फार तर 90 दिवस. त्यांना कायमचं आणून ठेवणं माझ्यासारखीला जवळजवळ अशक्य आहे. सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत, वीस मिनिटांवर राहतात, आणि नवरा दर शनिवारी त्यांचं सामान भरून येतो. मागच्या नोव्हेंबरात वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट. मुलीची शाळा, मुलाची किटा आणि माझी नवी नोकरी, यातून मला अकरा दिवस मिळाले. बाकीचे व्यायाम मी त्यांच्याकडून फोनवर करून घेतले, आई फोन धरून उभी राहायची.