एकट्याने राहून कर्ज फेडताना: ठरलेली बिलं कापावीत की रोजचा खर्च?

एकट्याच्या घरात भाडं आणि बिलं वाटून घ्यायला कुणी नसतं. त्यामुळे कात्री आधी कुठे लावायची, हे नीट ठरवावं लागतं.

ठरलेली बिलं एकदा कापली की काम झालं. मागच्या ३ महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा, आपोआप वळते होणारे पैसे अधोरेखित करा आणि महिनाभर न वापरलेलं सगळं बंद करा. नुसतं ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. बहुतेक जण इथेच फसतात. ती रीतसर रद्द करा, रद्द झाल्याचा मेसेज जपा. लहान घरात जायचं असेल तर सामान हलवण्याच्या खर्चाला दरमहाच्या बचतीने भागा. उत्तर १२ महिन्यांच्या वर आलं तर आमच्या मते घाई नको.

रोजचा खर्च आजपासूनच कमी होतो, पण रोज मन आवरावं लागतं. महिन्याच्या रकमेचे आठवड्याला एक असे ४ भाग केले की शेवटचे २-३ दिवस उघडे पडतात आणि कार्ड बाहेर येतं. म्हणून आठवड्याची रक्कम काढायला ३० ने भागून ७ ने गुणा. किराण्याचं मोठं पाकीट स्वस्त वाटतं खरं, पण त्यातलं एक तृतीयांश नासलं तर उरलेलं दीडपट दराने पडतं.

आमचा कौल आधी बिलांना. हप्ता याच आठवड्यात असेल तर मात्र रोजच्या खर्चाला. वाचलेले पैसे त्याच दिवशी सर्वाधिक व्याजाच्या कर्जात भरा: दरमहा ३ टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला सुमारे ४२.६ टक्के.