चोरलची अळंबी-फेरी: पडलेल्या बुंध्यासाठी जा, सागाचं मात्र दुरुस्त करून ऐका

खंडवा रोडवरच्या चोरलच्या जंगलात पावसाळ्यात अळंब्या दाखवायला नेणाऱ्या फेऱ्या इंदुरातून निघतात. त्यांतली ही अर्ध्या दिवसाची. जंगल कसं राखलं तर कुठली बुरशी टिकते हे ती जमिनीवरच दाखवते, म्हणून करावीच.

कसदार भाग आहे दोन शेजारच्या तुकड्यांचा. एकातलं पडलेलं लाकूड जळणासाठी उचललेलं, दुसऱ्यात मोहाचा जाडजूड बुंधा आडवा होऊन कुजतोय. पहिल्यात बोटभर काटक्यांवर शिझोफायलम ही बुरशी, बाकी जवळजवळ काही नाही. तिची टोपी उलटी करून 10 पट भिंगातून पाहा: पापुद्र्यांच्या कडा उभ्या चिरलेल्या असतात. ऊन लागलं की त्या आत वळतात, पाणी पडलं की उघडतात. म्हणूनच उघड्या माळावरही ती तगते. (भिंग डोळ्याला टेकवा आणि वस्तू अडीच सेंटिमीटरवर आणा, लांब धरलं की काही दिसत नाही.) बुंध्यावर मात्र फळीसारखी गॅनोडर्मा, सावलीकडच्या अंगाला कानाच्या पाळीसारखी ऑरिक्युलेरिया. जाड लाकूड ओल धरतं, कुजायला वर्षं घेतं आणि कुजण्याच्या टप्प्यागणिक त्यावरची बुरशी बदलते. काटक्यांचा ढीग त्याची जागा घेऊ शकत नाही. मार्गदर्शक इथे घाई करत नाहीत, हे फार चांगलं.

आगीचंही नीट सांगतात. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं, तेंदूला कोवळी पानं यावीत म्हणून उन्हाळ्यात पाला जाळला जातो. पाल्यावर जगणाऱ्या मॅरॅस्मियससारख्या नाजूक छत्र्यांचं घरच त्यात जातं. वारुळातली टर्मिटोमायसिस जमिनीखाली असल्यानं तिला आच कमी पोचते. वारूळ फोडलं, तर मात्र ती संपली.

चूक होते ती सागाखाली. ‘इथे छत्री नाही, म्हणजे माती मेलेली’ असं सांगितलं जातं. सागाच्या मुळांत राहणारी बुरशी छत्री देतच नाही. मुळं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तरच ती दिसते. मंडला-अमरकंटककडच्या साल वृक्षांच्या मुळांशी मात्र रुसुलासारख्या छत्री देणाऱ्या जाती असतात. त्यामुळे सालवन आणि सागवन यांतल्या छत्र्या मोजून तुलना करू नये. तोडलेला आणि राखलेला तुकडा एकाच प्रकारच्या जंगलातला हवा.

बीजाणूंचा ठसाही (टोपीतून गळणाऱ्या बीजाणूंचा कागदावर उमटणारा रंग, ओळखीसाठी पाहतात तो) दोन वाक्यांत उरकतात. राखीव जंगलातून परवानगीशिवाय काही उचलू नये. सराव अंगणातल्या छत्रीवर करा. देठ कापा, टोपी पापुद्रे खाली करून अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला, रात्रभर हलवू नका. टर्मिटोमायसिसचा ठसा गुलाबीसर, गवतात येणाऱ्या विषारी क्लोरोफायलमचा हिरवट. पण गुलाबीसर म्हणजे खाण्याजोगी, असं मुळीच नाही: एन्टोलोमाचाही तसाच येतो आणि तिच्यात विषारी जाती आहेत.

एका फेरीत यादी पुरी होत नाही. वारुळावरच्या छत्र्या चांगल्या पावसानंतर उगवतात आणि थोड्याच दिवसांत सडतात, लाकडावरच्या कडक बुरश्या पाऊस सरल्यावरही राहतात. नोंदणी करताना जुलै आणि सप्टेंबर अशा दोन तारखा मागून घ्या, आणि दोन्ही वेळा त्याच बुंध्यापाशी थांबायला सांगा.