28,500 रुपयांचा ‘कंपनी लीज’ लॅपटॉप

28,500 रुपये गेले. महिनाभर ओळखीच्या कुणाजवळ बोललो नाही, मेहुण्याजवळसुद्धा नाही. पण परवा जेवणाच्या सुट्टीत आमच्या खात्यातला एकजण म्हणाला, “पोराला लॅपटॉप घ्यायला वेंगुर्ला रोडला जाऊन येतो,” आणि त्याने मोबाईलवर स्टेटस दाखवला. फोटो तोच, भाव तोच, फक्त नंबर दुसरा. म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

मी बेळगावच्या उद्यमबागमध्ये मशीन शॉपला आहे, 22 वर्षं झाली. मुलीला यंदा सीईटीतून कॉम्प्युटर सायन्सची सीट मिळाली. पहिल्या वर्षापासूनच सी प्रोग्रॅमिंग, त्यामुळे लॅपटॉप पाहिजेच. बेळगावात दोन-तीन दुकानं फिरलो. 16 जीबी रॅम आणि 512 जीबी एसएसडीचा नवा कुठंच 50,000 च्या खाली मिळेना. भिशीचे 30,000 हातात होते. “स्वस्ताच्या मागे लागलं की असंच होणार” असं ऐकवणारे आता पुष्कळ भेटतील. अहो, फी भरून उरलेले पैसे तेवढेच होते. जुना लॅपटॉप घेणं हा गुन्हा नाही. जुना म्हणून सांगून जुना विकणारे प्रामाणिक दुकानदारही आहेत.

स्टेटसवर जाहिरात बघितलेला गाळा वेंगुर्ला रोडवर, महाराष्ट्राची हद्द लागते तिथून थोडं पुढं. टेबलावर वीस-पंचवीस लॅपटॉप ओळीने मांडलेले. बोलायला गोड माणूस. बेंगळूरच्या आयटी कंपनीचा लीजचा माल, जेमतेम वर्षभर वापरलेला, मुलीसाठी घेताय म्हणून 34,000 चा 28,500 ला देतो. लॅपटॉपवर इंटेलच्या आय-7, अकराव्या जनरेशनच्या प्रोसेसरचा स्टिकर. त्याने स्वतःच सेटिंग उघडून दाखवली, तिथंही तेच नाव.

मुलगी म्हणाली, “बाबा, माझ्या मोबाईलचं नेट जोडून बघूया.” तो लगेच म्हणाला, “नेट जोडलं की अपडेट सुरू होतं, दोन तास बसावं लागेल.” आणि मी, तिचा बाप, तिलाच म्हणालो, “गप बस गं, त्यांना कळतंय त्यातलं.” हे वाक्य अजून कानात आहे.

पण त्याहून वाईट पुढं झालं. मी लॅपटॉप उलटा करून बघितला. खालच्या दहा स्क्रूंपैकी चारांची डोकी खाल्लेली होती. चुकीचा बिट लावून जोर दिला की खाच गोल होते आणि कडेला चकाकणारा धातू दिसतो, तसं. आमच्याकडे असा स्क्रू असलेला जॉब आला तर हा कुणीतरी आधी उघडलाय हे मी लांबून सांगतो. सिरीयल नंबरच्या स्टिकरचा एक कोपरा उचकटलेला होता, तिथं बोटाला चिकट लागलं. वर्षभर ऑफिसात वापरलेलं मशीन असं कशाला असेल? सगळं दिसलं, बोटाला लागलं, आणि मी ते परत सरळ करून ठेवलं. मुलगी खुशीत होती. तिच्यासमोर घासाघीस करायची, खोट काढायची, बरं वाटेना. कारण एवढंच.

10,000 रोख दिले, 18,500 स्कॅन करून. स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं. “वहिनींचं खातं आहे.” बिल मागितलं तर 18 टक्के जीएसटी लागेल, म्हणजे 5,130 वर, असं म्हणाला. मग पांढऱ्या कागदावर शिक्का, ‘15 दिवस टेस्टिंग वॉरंटी’. ज्याला बिल द्यायचं नाही त्याच्याकडून काहीही घेऊ नका. पैसे गाळ्याच्या नावाने जात नसतील तर तिथंच उठा.

एकोणिसाव्या दिवशी लॅपटॉप फार अडकायला लागला म्हणून मुलीने रीसेट मारला. नेट जोडल्यावर स्क्रीनवर एका अनोळखी कंपनीचं नाव, आणि खाली त्या कंपनीचा ईमेल व पासवर्ड टाका. पुढं जाईचना. दुरुस्तीवाल्याने 350 घेतले आणि बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची मूळ सेटिंग, उघडून दाखवलं: आय-5, सहावी जनरेशन. म्हणजे 2015 च्या सुमाराची चिप. “काका, सेटिंगमधलं नाव बदलता येतं. बायोस बघायला पाहिजे होतं.” बायोसमधला सिरीयल नंबर आणि खालच्या स्टिकरवरचा नंबर वेगळे. विंडोज 11 इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढं अधिकृतपणे चालतं, यावर ते मागच्या दाराने घातलेलं होतं. आणि तो कंपनीचा पडदा त्या कंपनीने आपल्या यादीतून मशीन काढेपर्यंत रीसेटनंतर नेट जोडलं की परत येतच राहणार. गाळ्यावरच नेट जोडून रीसेट केलं असतं तर हा पडदा तिथंच दिसला असता.

गाळ्यावर गेलो तर शटर बंद, ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी.

मग सुरू झाले हेलपाटे. इकडच्या ठाण्यात म्हणाले, गाळा महाराष्ट्रात, तिकडं जा. तिकडं गेलो, तर तुम्ही कर्नाटकातले, पैसे बेळगावच्या बँकेतून गेले, तिकडंच द्या. परत इकडं. अर्ज कन्नडमधून लिहून आणा म्हणाले, तो मुलीने शाळेतल्या कन्नडवर लिहिला. वाचून साहेब म्हणतात, वस्तू तुमच्या हातात दिली ना, मग हे दिवाणी आहे. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला तोवर चोवीस दिवस झाले होते, खात्यात काही उरलं नव्हतं. तो फोन पहिल्या तासात करायचा असतो. चार खाडे झाले, चार दिवसांचा पगार गेला. सीमा आम्ही आखलेली नाही. रोज हजारो माणसं कामाला, बाजाराला इकडून तिकडं जातात, तेव्हा कुणी हद्द विचारत नाही. फसलेला माणूस दारात आला की मात्र हद्द आठवते.

एका वकिलांनी सांगितलं ते ठाण्यात कुणीही सांगितलं नव्हतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण चालत नाही. आणि 2019 च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विकणारा कुठलाही असो. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आधी विचारायचं असेल तर 1915 ही ग्राहक हेल्पलाईन आहे.

जुना लॅपटॉप घेणार असाल तर तिथंच, तुमच्या मोबाईलचं नेट जोडून, तुमच्यासमोर रीसेट करायला लावा. तासभर लागू दे, बसा. बायोस उघडा. सिरीयल नंबर कंपनीच्या साईटवर टाकून वॉरंटी कधी संपली ते बघा. आणि पोरगी काही म्हणाली तर ऐका.

तक्रार बेळगावच्या आयोगात देतोय. पुरावा म्हणून तो पांढरा कागद, 18,500 चा यूपीआय नंबर आणि स्टेटसचे स्क्रीनशॉट आहेत. त्याच रोडवर, ‘कंपनी लीज’ म्हणून, वहिनींच्या खात्यावर पैसे दिलेले आणखी कुणी असाल तर पुढं या. एकाच तक्रारीत सगळ्यांची नावं घालता येतात.