पाठीवरचं केळीचं पान, १८ महिन्यांनी: डावी बाजू गेली, उजवी टिकली

पाठीवरच्या या टॅटूबद्दल सहा महिन्यांनी दिलेलं मत मागे घेत आहे. तेव्हा ‘बारीक शिरांचं काम अप्रतिम’ असं लिहिलं होतं. आता टॅटूवरचा दुसरा मे चालू आहे. पानाच्या डाव्या अर्ध्या भागात, मणक्यालगत कमरेकडे, वीतभर जागेत शिरा ओळखू येत नाहीत. चार पावलं मागे जाऊन पाहिलं तर नुसता राखाडी पट्टा दिसतो. उजवा अर्धा भाग मात्र अजून केळीचं पानच आहे. शाई तीच, कारागीर तोच, रेषांच्या सिटिंगही त्याच. फरक शिरांमधल्या अंतराचा.

डिझाइन ३८ × १८ सेंटिमीटर. डावीकडे अखंड पान मागितलं होतं, कारण पूजेला आणि पंगतीला फाटकं पान चालत नाही, मग पाठीवर तरी कशाला? तिथे शिरा दीड मिलिमीटरवर मारल्या. उजवीकडे वाऱ्याने फाटलेलं पान काढण्याचा आग्रह कारागिराचा होता: शिरा पाच मिलिमीटरवर आणि मध्ये पाच उघडे फाटे, ज्यात शाईच नाही. पहिले काही महिने हीच बाजू अर्धवट वाटायची. आज पूर्ण टॅटूत पाहण्यासारखं काही असेल तर ते फाटे. रावेर-यावलच्या बागेत वारं सुटलं की पान शिरांच्या रेषेत चिरतं, त्यामुळे चित्र म्हणूनही तेच खरं आहे.

गणित सोपं आहे, स्टेन्सिल (कातडीवर उमटवायचा चित्राचा छाप) लावण्याआधीच करायला हवं. शाई त्वचेत एक ते दोन मिलिमीटर खोल बसते. तिथल्या पेशी तिचे कण धरून ठेवतात, त्या मेल्या की शेजारच्या पेशी उचलतात, आणि वर्षागणिक रेष थोडी रुंदावतेच. तीन सुयांच्या लायनरची (रेषा मारायच्या सुयांच्या जुडग्याची) रेष अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास धरा. ती दुप्पट झाली तर दीड मिलिमीटरच्या अंतरात कोरी कातडी उरते अर्धा मिलिमीटर. लांबून ती दिसतच नाही. पाच मिलिमीटरच्या अंतरात चार उरतात. त्यात मणक्याच्या उंचवट्यांवर हाड लगेच खाली असतं, सुईचा दाब एकसारखा राहत नाही. ती खोल गेली की रेषेभोवती निळसर धूर पसरतो. डावीकडे नेमकं हेच झालं.

हे खानदेशात कुणाला नवं वाटू नये. म्हाताऱ्या बायकांच्या हातावरचं गोंदण पाहा. हिरवट झालेलं असतं, पण ठिपका ठिपकाच राहतो, कारण दोन ठिपक्यांत भरपूर जागा सोडलेली असते.

म्हणून डिझाइन मोबाइलवर बघून ठरवू नका. स्क्रीनवर बोटांनी मोठं करून पाहिलेली शीर पाठीवर केसाएवढी येते. ए-थ्री कागदावर खऱ्या मापात प्रिंट काढा, पाठीला चिकटवा, दोन मीटरवरून फोटो काढायला सांगा. ज्या रेषा फोटोत एकमेकींत मिसळतात, त्यांतली प्रत्येक दुसरी खोडून टाका. रेषांची जाडीही वेगवेगळी हवी: मधल्या दांड्याला सात किंवा नऊ सुयांचा लायनर, पानाच्या कडेला पाच, शिरांना तीन. सगळं एकाच जाडीचं असलं की पान सपाट दिसतं.

दांडा बरोबर मणक्यावर घ्यायची हौस बहुतेकांना असते. घेऊ नका. माणूस जरा वाकला की दांडा तिरका दिसतो आणि दोन्ही बाजूंची तुलना होत राहते. दोन-तीन सेंटिमीटर बाजूला, हलक्या वळणाने उतरणारा दांडा चांगला. मानेखाली उमललेल्या पानापेक्षा पोंगा बसतो: अरुंद, गुंडाळलेला, मोजक्या रेषांचा. स्टेन्सिल उभं राहून, हात सैल सोडून लावून घ्या. पालथं झोपवून लावलेलं स्टेन्सिल उभं राहिल्यावर सरकलेलं दिसतं, कारण खांद्याची पाती हलतात. हात वर, हात पुढे, असे दोन फोटो बघून मगच सुई लावू द्या. केळफूल आणि घड घेणार असाल तर संदर्भ फोटो बागेतला द्या. घड खाली लोंबतो पण केळी वर वळलेली असतात. इंटरनेटवरच्या चित्रांत हे हमखास उलटं असतं.

केळीऐवजी दुसरं काही हवं असेल तर कापसाचं बोंड सावळ्या पाठीवर छान उठतं, पण पांढरी शाई वापरून नव्हे. ती पिवळट पडते आणि विरते. कापूस म्हणजे कोरी कातडी सोडायची आणि भोवती सावली भरायची. मोहाच्या फुलालाही हेच. पळस घेतलात तर फुलांच्या डहाळीला भरगच्च पानं काढू नका; पळस फुलतो तेव्हा बहुतेक पानं गळलेली असतात. शिवाय लाल शाईची ॲलर्जी इतर रंगांपेक्षा जास्त आढळते, म्हणून आधी छोटा ठिपका मारून काही आठवडे वाट पाहा. कडुनिंबाची डहाळी खांद्याच्या पात्याच्या वळणाला आपोआप जुळते.

पैशांबद्दल. दर चौरस इंचावर सांगितला तर विचारा की कोरी जागा मोजणार का. ३८ × १८ म्हणजे साधारण १५ × ७ इंच, १०५ चौरस इंच. ५०० रुपये दराने ५२,५०० झाले, आणि त्यात फाट्यांमधल्या कोऱ्या कातडीचेही पैसे आले. सिटिंगवर ठरवलेला दर पानाफुलांच्या कामाला परवडतो. ‘टचअप फुकट’ याचा अर्थ पावतीवर लिहून घ्या. शाई सुटलेली जागा भरून मिळते. पसरलेल्या रेषेला टचअप नसतो, आणि हे वाक्य पैसे दिल्यानंतर ऐकायला मिळतं याचा राग अजून गेलेला नाही.

मोसम महत्त्वाचा. रेषा दिवाळीनंतर केल्या, त्या दोन-तीन आठवड्यांत नीट भरल्या. शेडिंग होळीनंतर केलं, ती चूक. घाम टॅटूवर चिकटवलेल्या पारदर्शक फिल्मखाली साचतो, कड सुटते. सुटलेली फिल्म परत दाबून चिकटवू नका. काढा, सौम्य साबणाने धुवा, टिपून कोरडं करा, मलम अगदी पातळ लावा. पहिले पंधरा दिवस ब्राचा पट्टा आणि पाठीवरची सॅक खपली ओढतात. सैल सुती कपडा आणि पालथं झोपणं, दुसरा उपाय नाही. पूर्ण भरल्यावर उघड्या गळ्याच्या ब्लाउजखाली सनस्क्रीन हवंच. जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांत तर रोज.

आणखी दोन गोष्टी आधी विचारात घ्या. सैन्य भरतीचा विचार असेल तर पाठीवर काहीच नको. कायमचा टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागे चालतो. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीनुसार सवलत आहे. पुढे बाळंतपण असेल तर कमरेच्या मणक्यावर चार बोटं जागा कोरी ठेवा, कारण भूलतज्ज्ञ शाईतून सुई घालणं शक्यतो टाळतात. आमच्या पानाचा देठ नेमका तिथेच संपतो.

डाव्या भागाचं आता काय? फाटे नव्याने उघडता येत नाहीत. लेझरने फिकं करायला दर वेळी सहा-आठ आठवड्यांच्या अंतराने कित्येक खेपा लागतात आणि खर्च टॅटूपेक्षा वर जाऊ शकतो. तो करणार नाही. राखाडी पट्टा गडद सावलीत बुडवून ती बाजू दुमडलेल्या पानाची पाठ करायची ठरलं आहे, शिरा एकही नाही. काम कार्तिकात. या वेळी प्रिंट आधी पाठीला चिकटणार.