स्ट्रॉबेरीचा बॉक्स : वर ताजा माल, कागदाखाली बुरशी

जानेवारीअखेर पाचगणीहून पुण्याला परतताना रस्त्याकडेच्या एका स्टॉलवरून स्ट्रॉबेरीचा मोठा बॉक्स घेतला. वर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवलेलं, आत लालभडक, हिरव्या देठांची, एकसारखी फळं. उघडून दाखवा म्हटलं तर विक्रेता म्हणाला, "ताई, हवा लागली की माल बसतो. सकाळीच तोडलाय, बिनधास्त न्या." पैसे यूपीआयने दिले आणि निघालो.

घरी बॉक्स ओट्यावर ठेवला तर पुठ्ठ्याचा तळ ओलाकच्च आणि आंबूस वास. वरचा थर खरोखरच ताजा होता. त्याच्याखाली वर्तमानपत्राचा कागद, आणि कागदाखाली तपकिरी पडलेली, लिबलिबीत फळं, अंगावर मखमलीसारखी राखाडी लव. एक उचललं तर त्यातून भुकटी उडाली. अशा फळाचा वास घ्यायला नाक जवळ नेऊ नका, ते बुरशीचे बीजाणू असतात. घरात कुणाला दमा असेल तर जास्तच जपा.

विक्रेत्याला फोन केला. "नाजूक फळ आहे ताई, गाडीत दबलं असेल. खराब तेवढं कापून टाका, बाकीचं मिल्कशेकला होईल." फोटो पाठवले, तर त्याने नंबर ब्लॉक केला.

हे उत्तर ऐकून बरेच जण गप्प बसतात. प्रवासात फळ दबतं, त्याला पाणी सुटतं, हे खरंच आहे. पण राखाडी लव प्रवासात उगवत नाही. ती बोट्रायटिस सिनेरिया नावाची बुरशी. ती फळात शिरून, आत वाढून, बाहेर लव धरेपर्यंत काही तास नाही, दिवस जातात. पुष्कळदा ती फुलातच शिरून बसते आणि फळ पिकल्यावर डोकं वर काढते. दमट, थंड हवेत चांगल्या बागेतही येते, त्याबद्दल शेतकऱ्याला बोल लावता येत नाही. म्हणून तर तोडणीनंतर फळं निवडून डागी माल बाजूला काढायचा असतो. इथे भरणाऱ्याने खालची फळं पाहिली, त्यांवर कागद घातला आणि वर ताजी रचली. याला फसवणूकच म्हणतात.

सासूबाईंना एवढं फळ टाकवेना. खराब भाग काढून साखरेत शिजवू, म्हणत होत्या. मी नको म्हटलं. स्ट्रॉबेरी, द्राक्षं, टोमॅटो, पीच अशा मऊ, रसाळ फळांत बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याच्या पुष्कळ आत गेलेले असतात. गाजर किंवा कोबी घट्ट असतो, तिथे डागाभोवतीचा इंचभर भाग कापून उरलेलं वापरता येतं, सुरी तेवढी बुरशीला लावायची नाही. आणि शिजवलं की सगळं मरतं हेही अर्धंच खरं. बुरशी मरते, पण काही बुरशींनी सोडलेलं विष उष्णतेने जात नाही. सडक्या सफरचंदातली पेनिसिलियम जातीची बुरशी पॅट्युलिन नावाचं विष तयार करते, ते रस तापवल्यावरही बऱ्यापैकी टिकतं. म्हणूनच सफरचंदाच्या रसात ते किलोमागे ५० मायक्रोग्रॅमच्या वर असू नये, अशी मर्यादा आपल्याकडे आहे. आमच्या बॉक्समध्ये आणखी कुठल्या बुरशी होत्या, हे घरात बसून कसं कळणार? वरचा थरही त्याच ओल्या कागदावर टेकलेला होता, सगळंच टाकलं.

बॉक्सवर ना विक्रेत्याचं नाव, ना पत्ता, ना पॅकिंगची तारीख. फक्त मोठ्या अक्षरांत 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी'. या फळाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते तिथल्या शेतकऱ्यांच्या कष्टावर. त्या नावाखाली कुणी सडका माल खपवतं, तेव्हा माझ्या पैशांपेक्षा त्यांचं नुकसान मोठं आहे, आणि मला राग त्याचाच जास्त आला.

तुम्ही घेताना बॉक्स उचलून तळ हाताने चाचपा. ओल लागली तर ठेवून द्या. उघडू देत नसेल तर पुढच्या स्टॉलवर जा, सुटी फळं तोलून देणारे तिथे असतात. घरी आणल्यावर लगेच धुऊ नका, खायच्या वेळीच धुवा, धुऊन फ्रीजमध्ये ठेवलीत तर ओलाव्याने बुरशी लवकर धरते. फ्रीजमध्येही ही बुरशी थांबत नाही, फक्त सावकाश वाढते.

आणि फसलात तर टाकण्याआधी फोटो काढा, वरचा थर, मधला कागद, तळ, सगळ्यांचे. पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५ आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५. मी दोन्हीकडे तक्रार नोंदवली आहे.