काळ्या रंगाखालचं मीठ

यार्डात गाडी पहिल्यांदा बघितली तेव्हा ती खालून इतकी काळी कुळकुळीत होती की मी दाजींना म्हणालो, "मालकानं लेकरासारखी सांभाळलेली दिसती." आज तो काळा रंग आठवला की पोटात कालवतं. जुना ट्रक घ्यायच्या विचारात असलेल्या आपल्या भागातल्या कुणाच्याही वाचनात हे यावं, एवढ्यासाठी सगळं लिहून ठेवतोय.

मी औसा तालुक्यातला. शेती कोरडवाहू, चार एकर. दहा-बारा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. लातूरच्या मोंढ्यातून सोयाबीन, तूर, पेंड भरायची आणि सोलापूर, बीड, संभाजीनगर करायचं. स्वतःची गाडी असावी हे स्वप्न काही माझ्या एकट्याचं नाही, स्टिअरिंगवर बसणारा प्रत्येक माणूस ते बघतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका दलालानं टाटा १६१३ दाखवली. मॉडेल २०११, किंमत ६ लाख ४० हजार. थोडं सोनं मोडलं, दाजींनी हातउसने दिले, बाकीचं खाजगी फायनान्स. साडेचार लाख चेकनं दिले आणि १ लाख ९० हजार रोख. रोखीची पावती मागितली नाही. ती का मागायला हवी होती ते पुढं कळेल.

आमच्याकडं गाडी बघणं म्हणजे इंजिन बघणं. आम्हीही तेच केलं. धूर बघितला, ऑइल बघितलं, गिअर टाकून बघितले, टायरची नक्षी मोजली, रिकामी गाडी पाच किलोमीटर पळवली. सोबतचा फिटर वाकून खाली डोकावला आणि "चेसी ओके" म्हणाला. चेसी म्हणजे सगळं वजन पेलणारा गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. खाली झोपून कुणीच बघितलं नाही. संध्याकाळ झाली होती, गाडी नुकतीच धुतलेली होती आणि माझ्या डोक्यात घरी नारळ कधी फोडायचा तेच चाललं होतं.

गाडीचा नंबर जीजे १२ होता. म्हणजे कच्छची पासिंग. हे मला दिसत होतं, पण त्याचा अर्थ लागला नाही. मी फक्त एवढंच विचारलं की परराज्यातली एनओसी आणि इकडची नोंद कोण करून देणार. दलालानं ते काम चोख करून दिलं. फिटनेस ताजा होता, विमा चालू होता, चलन बाकी नव्हतं. कागद स्वच्छ निघाले म्हणून लोखंडावरही विश्वास बसला.

कच्छमधून आलेली गाडी म्हणजे काय, ते नंतर समजलं. देशातलं जवळपास तीन चतुर्थांश मीठ एकट्या गुजरातेत पिकतं, आणि त्यातला मोठा वाटा कच्छचा. माझी गाडी सहा-सात वर्षं मीठच वाहत होती. हे दलालाला माहीत होतं, कारण पुढं भांडण झालं तेव्हा त्याच्याच तोंडून ते निघालं. ओल्या मिठाचं पाणी हौद्याच्या फळ्यांतून झिरपतं आणि खाली चेसीच्या कडांत, क्रॉस मेंबरच्या म्हणजे आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांत, रिव्हेटच्या भोवती जाऊन बसतं. लोखंडाला गंजायला हवा आणि ओल लागते. मीठ असलं की तेच काम कितीतरी वेगानं होतं. शिवाय मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळं पाऊस नसतानाही ती जागा आतून ओलसरच राहते.

आपल्याकडं असला गंज बघायची सवयच नाही. मराठवाड्यात वर्षातले सात-आठ महिने हवा कोरडी. वीस वर्षांची ट्रॉली बांधावर उभी असते, तिला तांबूस पापुद्रा चढतो, तारेचा ब्रश मारला की खाली लोखंड टणक. उसाच्या ट्रॉल्यांना रसानं, मळीनं जरा जास्त खातं, पण तेही वरून दिसतं. म्हणून "गंज काय, रंग मारला की गेला" असं आपण सहज बोलून जातो. माझा फिटरही चांगला माणूस आहे, त्यानं मुद्दाम काही केलं नाही. मिठानं खाल्लेली चेसी त्यानं आयुष्यात बघितलीच नव्हती.

हिवाळा आणि उन्हाळा गाडीनं छान काढला, कारण ओलच नव्हती. जून २०२४ मध्ये पाऊस लागला आणि आतलं मीठ पुन्हा जागं झालं. आधी रिव्हेटभोवती तांबडे ओघळ दिसले. मग मागच्या उजव्या कमानीच्या हँगरजवळ, म्हणजे पाट्यांची कमान चेसीला जिथं टांगलेली असते तिथं, काळा थर फोडासारखा फुगला. मी तो बोटानं दाबला, आत पाणी होतं. तेव्हाच गाडी थांबवायला हवी होती. हप्ता डोक्यावर होता, भाडं हातात होतं, नाही थांबवली.

जुलैमध्ये दहा टन पेंड भरून बीडकडं निघालो होतो. मांजरसुंब्याच्या घाटात एका खड्ड्यात मागचं चाक गेलं आणि खालून बंदुकीसारखा आवाज आला. हौदा उजवीकडं झुकला, आरशातली मागची बाजू तिरकी दिसायला लागली. गाडी कडेला घेता आली, मागून कुणी वेगात येत नव्हतं. सोबत माझा सोळा वर्षांचा पुतण्या होता. शाळेला दोन दिवस सुट्टी म्हणून हौसेनं आला होता. काय होऊ शकलं असतं ते मी लिहू शकत नाही, तुम्हीच समजून घ्या.

बीडहून मिस्त्री आला. त्यानं हातोडीनं चेसी ठोकायला सुरुवात केली. पुढं टण, टण, टण. मागं हँगरजवळ आला आणि आवाज भद्द झाला. दोन घावांत काळा थर निघाला. त्याखाली बोटभर जाड लांबी, म्हणजे पुट्टी, गाडीच्या दरवाजाला पोचा आला की भरतात ती. लांबीच्या खाली वेल्डिंगनं चिकटवलेली पट्टी. पट्टीच्या मागं चेसीचं लोखंड बिस्किटासारखं पापुद्र्यापापुद्र्यानं सुटत होतं. मिस्त्रीनं जाडी मोजून लिहून दिली, ती शाबूत जागेच्या निम्मीही नव्हती. तडा बरोबर वेल्डिंगच्या कोपऱ्यापासून निघाला होता.

त्यानं मला तिथंच रस्त्याच्या कडेला बसवून समजावलं. चेसीची पट्टी इंग्रजी सी अक्षरासारखी असते आणि वजन पेलायचं बळ तिच्या वरच्या आणि खालच्या कडेत असतं. त्या कडेवर आडवं वेल्डिंग मारलं की तापून त्या जागचं लोखंड बदलतं आणि ताण पडला की तिथूनच फाटतं. म्हणून गाडी बनवणाऱ्या कंपन्या या कडांवर वेल्डिंग करू नका, भोकं पाडू नका, असं सांगतात. आणि डबल चेसी, म्हणजे एकाला एक लावलेले दोन पत्रे, असेल तर दोन पत्र्यांच्या मधला गंज बाहेरून दिसतच नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळं पाचर ठोकावी तसे ते पत्रे फाकतात आणि रिव्हेट तुटतात.

त्याचं एक वाक्य मी कायम लक्षात ठेवलंय. तो म्हणाला, "भाऊ, पंधरा वर्षांची गाडी खालून नवीन दिसती, तवाच भ्यायचं."

आता मी दुसऱ्याची गाडी बघायला गेलो तर सकाळीच जातो आणि आदल्या दिवशी धुऊ नका म्हणून सांगतो. टायरवाल्याच्या नाहीतर सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर गाडी चढवायला लावतो. त्याला मालक तयार नसेल तर तिथूनच परत फिरतो. माझ्या गाडीवर ब्रेकचे पाइप, वायरिंग, कमानीचे पाटे, इतकंच काय ग्रीसची निपलंसुद्धा काळी होती. जो माणूस गाडी टिकवायला रंग मारतो तो हे सगळं झाकून मारतो, कारण निपलवर रंग बसला की ग्रीस जात नाही. फवारा सरसकट फिरलेला असेल तर तो विकण्यासाठी फिरवलाय. खिशात स्पीकरमधलं एक चुंबक ठेवतो. जाड लांबीवर ते धरत नाही, सरकून पडतं. मात्र लांबीच्या जागी लोखंडी पट्टी मारली असेल तर चुंबक चिकटतंच, म्हणून हातोडीचा आवाज ऐकायलाच लागतो. हँगर, क्रॉस मेंबरचे सांधे, हौद्याच्या लाकडाखालची चेसीची वरची बाजू, केबिनमधलं रबरी मॅट उचलून खालचा पत्रा, बॅटरीची पेटी, हवेची टाकी, ब्रेकचे लोखंडी पाइप. एवढ्या ठिकाणी पेचकस टोचून बघतो. चेसी नंबर ज्या जागी ठोकलेला असतो तिथं बोट फिरवतो. अक्षरांच्या आसपास खड्डे लागले तर बाकीच्या लोखंडाचं काय झालं असेल ते तिथंच कळतं.

यावर कुणी म्हणेल, गंज दिसला तर औषध लावून घेऊ. फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर मिळतं, ते पातळ गंजावर काम करतं. खपल्या सुटलेल्या जागी ते वरच्या वर राहतं आणि खाली खाणं चालूच. खरं काम वेळखाऊ आहे. खपली निघून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडायचं, मीठ जाईस्तोवर गोड्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायचं, पूर्ण वाळवायचं, मग प्रायमर आणि त्यावर रंग. गंजावर सरळ डांबरी थर मारला तर ओल आत कोंडून राहते. माझ्या गाडीचं तेच झालं.

दलालाकडं गेलो तर त्यानं सौद्याचा कागद पुढं केला. त्यात छापील ओळ होती, "गाडी पाहून, तपासून, पसंत करून जशी आहे तशी घेतली." खाली माझी सही. मी ती ओळ वाचली होती, पण सगळ्याच कागदांवर असते म्हणून सोडून दिली होती. ती ओळ खोडून "चेसीला वेल्डिंग नाही, लांबी नाही" एवढं हातानं लिहून घेतलं असतं तर आज माझी बाजू वेगळी असती.

लातूरला वकिलांकडं गेलो. त्यांचा पहिला प्रश्न होता, "गाडी स्वतः चालवता ना?" ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही, पण स्वतःच्या कष्टानं पोट भरण्यासाठीच घेतली असेल तर मागता येते. मी स्वतः चालवतो, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली. मुदत दोन वर्षांची असते, तेव्हा "बोलून मिटवू" म्हणत दिवस घालवू नका. फोनवर विचारायचं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. माझ्या बाजूनं दोनच गोष्टी भक्कम आहेत. एक मिस्त्रीचा लेखी अहवाल आणि दुसरा पुतण्यानं यार्डात गाडीला हार घालताना काढलेला व्हिडिओ, ज्यात निपलांवरचा ओला काळा रंग स्पष्ट दिसतो. रोख दिलेल्या पैशाला मात्र काहीच पुरावा नाही.

गेल्या महिन्यात त्याच दलालाचा फोन आला. म्हणाला, "केस मागं घ्या. गाडी माझ्याकडं लावा, पट्टी मारून, काळा रंग मारून देतो. परभणीकडं गिऱ्हाईक आहे, तुमचे चार लाख सुटतील." हप्ते अजून चालू आहेत, बायको पुन्हा रोजानं जाते, आणि चार लाख हा आकडा त्या रात्री मला झोपू देत नव्हता. सकाळी मी त्याला नाही म्हणून कळवलं. परभणीच्या त्या माणसाच्या शेजारच्या सीटवरही कुणाचं तरी लेकरू बसणार होतं.

गाडी आता विहिरीजवळ उभी आहे. पुरावा म्हणून वकिलांनी ती हलवू दिली नाही. डावी बाजू काळ्या रंगासकट तशीच ठेवलीय, आणि मिस्त्रीनं फोडलेली उजवी बाजू उघडी. तज्ज्ञ येईल तेव्हा त्याला दोन्ही बघता येतील.