यलो फिवरची लस म्हणून काका-काकूंना भलतंच टोचलं, आफ्रिकेला जाणाऱ्यांनी नक्की वाचा

कोल्हापुरातून आफ्रिकेत कुणी जाणार असेल, नोकरीला, पोरांकडे, फिरायला, तर हे वाचा आणि घरच्यांनाही वाचायला द्या. यलो फिवर म्हणजे आफ्रिकेत डासांमुळं होणारा पीतज्वर, त्याच्या लसीच्या नावाखाली इथं सरळसरळ लूट चाललीय, आणि नुसती पैशाची लूट असती तर एवढं लिहीत बसलो नसतो.

माझा चुलतभाऊ युगांडात कंपालाला नोकरीला आहे. त्याला मुलगी झाली म्हणून काका-काकू जाणार होते. युगांडात यलो फिवरच्या लसीचं कार्ड असल्याशिवाय घेतच नाहीत. आणि तिकडून परत येताना आपल्याकडंही विमानतळावर तेच कार्ड बघतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. आपल्याकडं हा रोग नाही, पण तो पसरवणारा डास आहे, डेंग्यूचा तोच, म्हणून सरकार याबाबत इतकं कडक आहे.

तिकीट काढलं त्या एजंटनंच विषय काढला. "काका, कशाला पुण्या-मुंबईला हेलपाटा, हितंच होतंय की सगळं, आमचं शिबिर असतंय." माणशी साडेचार हजार. वर "मलेरिया किट" म्हणून दोघांचे तीन हजार. काकांचे गुडघे धरलेले, काकूंना आमवात, गावातल्या गावात होतंय म्हटल्यावर दोघंही खूश. स्टेशन रोडच्या बाजूला एका इमारतीत वरच्या मजल्यावर खोली, बाहेर लसीकरणाचा बॅनर, आत पांढरा कोट घातलेला एक पोरगा. त्यानं प्लास्टिकच्या डब्यातनं आधीच भरून ठेवलेल्या सिरिंज काढल्या, टोचल्या, पिवळं कार्ड हातात दिलं आणि पुढचा माणूस बोलावला. वय विचारलं नाही, औषधं कुठली चालू आहेत विचारलं नाही, काही नाही.

कळलं कसं तर माझ्या वहिनीमुळं. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. जेवायला आली होती, काकूंनी कौतुकानं कार्ड दाखवलं. वहिनीनं पहिला प्रश्न विचारला, "काकू, बाटलीत पावडर होती का? तुमच्यासमोर त्यात पाणी घालून विरघळवली का?" काकू म्हणाल्या नाही बाई, सुई भरूनच ठेवलेली होती. वहिनीचा चेहराच उतरला. यलो फिवरची लस वाळवलेल्या पावडरीच्या रूपात येते, टोचायच्या आधी सोबतच्या द्रवात विरघळवायची आणि विरघळवली की काही तासांत संपवायची, नाहीतर फेकून द्यायची. दोन ते आठ डिग्रीत ठेवावी लागते. इथं बर्फाचा डबा नव्हता, पावडर नव्हती, डब्यात नुसत्या भरलेल्या सुया.

मग आम्ही ते कार्ड नीट बघितलं. लस घेतल्यावर दहाव्या दिवसापासून ते ग्राह्य धरतात, आणि काकांचं विमान त्याच्या आतच होतं, म्हणून त्या माणसानं तारीख मागची टाकली होती. ती तारीख होती रविवारची, आणि त्या दिवशी काका-काकू दोघंही गावाकडं जत्रेला होते! बॅच नंबरचा रकाना कोरा, शिक्का फिस्कटलेला, केंद्राचं नाव वाचताच येत नाही. मुदत लिहिलेली दहा वर्षं. ११ जुलै २०१६ पासून हे कार्ड आयुष्यभर चालतं, म्हणजे शिबिर भरवणाऱ्याला एवढंही माहीत नव्हतं.

त्या किटमध्ये व्हिटॅमिनच्या गोळ्या, एक होमिओपॅथीची बाटली आणि मलेरियासाठी क्लोरोक्विन. आफ्रिकेतल्या जीवघेण्या फाल्सिपेरम मलेरियाला क्लोरोक्विन आता दाद देत नाही. युगांडात तर देशभर मलेरिया आहे. म्हणजे काका गोळी घेतोय म्हणून निर्धास्त राहिले असते आणि ताप आला असता तर साधा ताप म्हणून अंगावर काढला असता. हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

शेवटी पुण्यात बी. जे. मेडिकल कॉलेजच्या केंद्रात आधी वेळ घेऊन गेलो. ही लस सरकारनं ठरवून दिलेल्या केंद्रांतच मिळते, यादी आरोग्य मंत्रालयाच्या वेबसाइटवर असते, सरकारी केंद्रात खर्च शेकड्यात, हजारात नाही. पासपोर्ट बघितला, डॉक्टरांनी शांतपणे सगळं विचारलं, अंड्याची अ‍ॅलर्जी आहे का (लस अंड्यात वाढवतात), साठीच्या पुढं पहिल्यांदाच घेताय म्हणून काकांची शुगर, बीपी, जुनी आजारपणं. काकांना दिली. काकूंना नाही म्हणाले. काकू आमवातासाठी मेथोट्रेक्सेट घेतात, त्यानं प्रतिकारशक्ती दबते, आणि ही जिवंत विषाणूची लस आहे, अशा माणसाला ती धोक्याची. अशांना लस देता येत नाही असं डॉक्टरांचं माफीपत्र मिळतं, पण ते समोरच्या देशानं मानलं तर. घरात बसून खूप विचार झाला, आणि काकूंनी स्वतःच सांगितलं की मी जात नाही. नातीला त्यांनी व्हिडिओ कॉलवरच बघितलं. शिवलेल्या झबल्यांची पिशवी काकांबरोबर पाठवली. त्या पोरानं एक प्रश्न विचारला असता, औषधं कुठली घेता म्हणून, तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

काकांचं तिकीट पुढं ढकललं, त्याचे पैसे वेगळे गेले. मलेरियासाठी डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन लिहून दिली, जायच्या आदल्या दिवसापासून सुरू आणि परत आल्यावरही चार आठवडे रोज, हे शेवटचे चार आठवडे बरेच जण सोडतात, सोडू नका.

एजंटकडं गेलो तर म्हणाला, "कार्ड चालतंय हो, आजवर कुणाला अडवलंय?" पोलिसात तक्रार देतो म्हटल्यावर निम्मे पैसे हातावर ठेवले. तक्रार तरीही दिलीय, अन्न व औषध प्रशासनाकडंही अर्ज दिलाय, पुढचं बघू.

कुणी अशा शिबिरात भरून ठेवलेली सुई टोचून घेतली असेल तर एक काम आधी करा, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तपासण्या करून घ्या आणि डॉक्टरांना विचारून काही महिन्यांनी परत करा, पहिल्या वेळेला सगळंच दिसत नाही. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यात जाऊन विचारा, लाजू नका. काका-काकूंची पहिली तपासणी निगेटिव्ह आली, दुसरी काका परत आल्यावर करायचीय.